वर काय चढवलंय? लेबलवरच्या इंग्रजीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की घरातल्या, शेतातल्या, दुकानातल्या कुठल्या वस्तूवरचा इंग्रजी शब्द तुम्हाला नीट कळत नाही. पत्रं आणि मेसेज मिळून जे काही आलं त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच जातीचे निघाले. कोटेड, प्लेटेड, ग्लेझ्ड, गॅल्वनाइज्ड, ॲनोडाइज्ड, म्हणजे आत एक आणि वर दुसरंच काहीतरी. डिक्शनरी उघडली तर सगळ्यांपुढे "लेप दिलेला" नाहीतर "मुलामा दिलेला" एवढंच लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण दुकानात हे शब्द वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. माझा साधा हिशोब असा की वर नेमकं काय आहे आणि ते खालच्याला कसं धरून बसलंय हे दोन प्रश्न विचारायचे, मग ती वस्तू घासायची कशी, तापवायची किती आणि तोडायची का नाही हे बहुतेक वेळा आपसूक कळतं. जागा कमी आहे म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग नसावा.

प्रश्न : ताई, पडवीवर पत्रा टाकायचाय. दुकानदार म्हणतो जीआय घ्या, मुलगा म्हणतो गॅल्व्हल्यूम, आणि गवंडी म्हणतो कलर कोटेडशिवाय काही घेऊ नका. शेजाऱ्यांचा जीआय पत्रा तीन-चार पावसाळ्यांत तांबडा पडला. मग गॅल्वनाइज्ड म्हणजे गंजत नाही हे खोटंच ना? (एक वाचक, गुहागर)

खोटं नाही हो दादा, अर्धं सांगितलेलं आहे. जीआय म्हणजे गॅल्वनाइज्ड आयर्न, लोखंडाच्या पत्र्यावर जस्त. पत्रा साधारण ४५० डिग्रीच्या वितळलेल्या जस्तातून काढतात, तिथे जस्त आणि लोखंड एकमेकांत थोडं मुरतं, म्हणून ते रंगासारखं पोपडे धरून निघत नाही. नाव इटलीतल्या गॅल्वानीचं, तोच तो बेडकाच्या तंगड्यांवर विजेचे प्रयोग करणारा, पण लोखंड जस्तात बुडवायचं पेटंट घेतलं ते फ्रान्समधल्या सोरेल नावाच्या इंजिनिअरने, १८३७ साली. आता जस्ताची गंमत अशी की ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. पत्र्यावर ओरखडा पडला, आतलं लोखंड उघडं पडलं, तरी आजूबाजूचं जस्त आधी खर्ची पडतं आणि लोखंड वाचतं. तेलाच्या डब्याचं बरोबर उलटं, त्यावर कथील असतं आणि तिथे ओरखडा पडला की लोखंड आणखी जोरात गंजतं.

पण खर्ची पडतं म्हणजे कधीतरी संपणारच ना. शेजाऱ्यांचं तेच झालं असणार. पत्रा घेताना सगळे फक्त जाडी विचारतात, "पॉइंट पाचचा आहे का", पण जस्त किती ते कोणी विचारत नाही. ते जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, आणि तो आकडा दोन्ही बाजू धरून असतो हे लक्षात ठेवा. १२० जीएसएम म्हणजे एका बाजूला साधारण आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २७५ जीएसएम म्हणजे एकोणीस-वीस मायक्रॉन. खाऱ्या हवेत जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन सहज जातं, अगदी लाटांचे तुषार येतात तिथे त्याहून जास्त. आता आठला दोनाने किंवा चाराने भागा, शेजाऱ्यांचे तीन-चार पावसाळे निघतात की नाही बघा.

गॅल्व्हल्यूममध्ये वरचा थर वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण साडेत्रेचाळीस टक्के जस्त आणि थोडंसं सिलिकॉन असा मिश्र असतो. तो जस्ताच्या मानाने हळू झिजतो, त्यामुळे किनाऱ्यावर मुलाचं म्हणणं बरोबर आहे. दोन ठिकाणी मात्र तो नको, एक म्हणजे ओल्या सिमेंटला चिकटून, कारण सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, आणि दुसरं बंद गोठ्यावर, शेणामुताच्या अमोनियामुळे. कलर कोटेड म्हणजे याच दोघांपैकी एकावर फॅक्टरीत भाजलेला रंग. गवंड्याचं चूक नाही, पण रंगाखाली काय आहे ते विचारा, कारण निळा रंग सगळ्यांवर सारखाच दिसतो. बिलावर नुसतं "कलर कोटेड" न लिहिता बेस आणि जीएसएम लिहून घ्या, गॅल्व्हल्यूम असेल तर एझेड १५० असं काहीतरी लिहिलेलं असतं.

आणि एक, पत्रे बसवून झाले की ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच दिवशी झाडून काढायला लावा. तो चुरा दवात भिजून रातोरात गंजतो, पत्र्याला चिकटतो, आणि मग आठ दिवसांत नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके आले म्हणून दुकानदाराशी भांडण. पत्रे एकावर एक रचून पावसात ठेवलेत तर पांढरी पावडर धरते, तोसुद्धा गंजच, जस्ताचा. आणायचे आणि लगेच चढवायचे.

प्रश्न : हार्ड ॲनोडाइज्ड कढई घेतली. सासूबाई म्हणतात हे काळं कोटिंग निघून पोटात जाणार. मी एकदा डिशवॉशरला लावली तर खरंच पांढुरकी झाली! म्हणजे त्यांचंच बरोबर का? (एक वाचक भगिनी, कोथरूड)

सासूबाईंना सांगा की ते कोटिंग नाहीचे. ॲनोडाइज्डमध्ये बाहेरून काहीच लावत नाहीत. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर आपोआप ऑक्साइडची साय धरते, काही नॅनोमीटरची, डोळ्याला दिसत नाही. कारखान्यात भांडं सल्फ्युरिक ॲसिडच्या बाथमध्ये बुडवून वीज सोडतात आणि तीच साय वाढवत नेतात, हार्ड ॲनोडाइज्डमध्ये पंचवीस-पन्नास मायक्रॉनपर्यंत. ती अर्धी वर वाढते आणि अर्धी धातूच्या आत, त्यामुळे पापुद्रा सुटायचा प्रश्न येत नाही. माणिक आणि नीलम ज्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात त्याच जातीचं हे, म्हणून स्टीलच्या उलथण्याला दाद देत नाही.

घरात कंटिन्युइटी टेस्टर किंवा मल्टिमीटर असेल तर मजा बघा. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला दोन्ही पिना टेकवल्या की बीप वाजतं, ॲनोडाइज्ड कढईला टेकवल्या की वाजत नाही, कारण ऑक्साइडमधून वीज जात नाही. जोरात खरवडून पिन आत घुसवली तर वाजेल, तेवढं करू नका.

पांढुरकी झाली ती डिशवॉशरच्या पावडरमुळे. ती पावडर अल्कली असते आणि ऑक्साइडला अल्कली चालत नाही, धुण्याच्या सोड्याने घासलं तरी असंच होईल. चिंच-टोमॅटोला ही कढई घाबरत नाही, सोड्याला घाबरते. कढई वाया गेलेली नाही, फक्त वरचा थर पातळ झालाय, यापुढे साधा लिक्विड साबण वापरा. मात्र बॉक्स पुन्हा एकदा वाचा, आजकाल "हार्ड ॲनोडाइज्ड नॉनस्टिक" असं एका दमात लिहितात. म्हणजे बाहेरून ॲनोडाइज्ड आणि आतून नॉनस्टिकचा लेप. तसं असेल तर आतल्या बाजूला पुढच्या प्रश्नाचे नियम लागू.

प्रश्न : नॉनस्टिक तव्यावर "पीएफओए फ्री" लिहिलंय म्हणजे त्यात टेफ्लॉन नाही ना? आणि "सेरॅमिक कोटेड" त्याहून चांगला का? (ठाणे, डोंबिवली आणि छत्रपती संभाजीनगरहून तीन पत्रं)

तसं नाही, टेफ्लॉन आणि पीएफओए दोन्ही वेगळी. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई नावाचं प्लास्टिक. ते सापडलं तेच अपघाताने, ६ एप्रिल १९३८ ला, अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट या केमिस्टला. सिलिंडर वजनाला भरलेला होता पण गॅस बाहेर येईना, शेवटी सिलिंडर कापला तर आत पांढरी, गुळगुळीत पावडर. तव्यावर ते बसवायची युक्ती फ्रान्समधल्या मार्क ग्रेगवारची, १९५४ च्या सुमाराची. आता तुम्ही म्हणाल ज्याला काहीच चिकटत नाही ते तव्याला कसं चिकटलं? तवा आधी खरखरीत करतात, ॲसिडने किंवा वाळूचा मारा करून, मग प्रायमर आणि मग थरावर थर. म्हणजे लेप खाचांमध्ये अडकून बसलेला असतो. म्हणूनच तारेच्या घासणीने तो एकदा सुटायला लागला की सुटतच जातो.

पीएफओए हे ते प्लास्टिक तयार करताना वापरलं जाणारं वेगळं रसायन, त्याचे दुष्परिणाम बाहेर आल्यावर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत ते बंद केलं. त्यामुळे "पीएफओए फ्री" तव्यावर पीटीएफई अगदी आरामात असू शकतं. चुकून एखादा पापुद्रा पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो, त्याची एवढी काळजी नको. काळजी करायची ती उष्णतेची. साधारण २६० डिग्रीच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो आणि आणखी तापला की धूर सोडतो, रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलात तर काही मिनिटांत तिथपर्यंत पोचतो. माणसाला त्याने तापासारखं होऊ शकतं आणि घरात पोपट, लव्हबर्ड्स असतील तर ते जीवानिशी जातात, हे अगदी गंभीरपणे घ्या. नॉनस्टिकवर भाकरी, वांगं भाजणं, मोठ्या आचेवर दाणे भाजणं हे नकोच. त्यासाठी बिडाचा तवा आहे की.

सेरॅमिक कोटेड म्हणजे चिनी मातीचा तवा नव्हे. सिलिकावर आधारलेला लेप असतो, जास्त उष्णता सोसतो पण निसरडेपणा लवकर जातो. पहिल्या महिन्यात घावन असा सरकतो की जाहिरात खरी वाटते, पुढे पुढे तेल वाढत जातं. माझं मत विचाराल तर दोघांनाही दोन-तीन वर्षांची वस्तू समजून स्वस्तातलं घ्यावं, महागातलं घेऊन जपत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : निबंधात "हिमाच्छादित डोंगर" लिहायचं तर स्नो-कॅप्ड की स्नो-क्लॅड? मॅडम म्हणतात काहीही चालतं. (दहावीतली वाचक, लातूर)

कॅप्ड म्हणजे फक्त डोक्यावर, क्लॅड म्हणजे अंगभर. शिखर पांढरं आणि खाली हिरवी झाडी असेल तर कॅप्ड, अख्खा डोंगर पांढरा असेल तर क्लॅड. तसंच चिखल वाळून जाड थर बसला असेल तर मड-केक्ड आणि नुसते शिंतोडे उडाले असतील तर मड-स्प्लॅटर्ड. आणि बाळा, निबंध सह्याद्रीवर असेल तर दोन्ही नको, आपल्याकडे मिस्ट-कव्हर्ड चालेल.

प्रश्न : मुलीला न्यूजर्सीत मैत्रिणीने ब्रेसलेट दिलं, त्यावर "गोल्ड व्हर्मेल" लिहिलंय. इथे मी वन ग्रॅम गोल्डची ठुशी घेतली. दोन्ही गोल्ड प्लेटेडच का? आणि वन ग्रॅममध्ये एक ग्रॅम सोनं असतं का खरंच? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

प्लेटेड दोन्ही, पण आतला माल वेगळा. मुलीच्या ब्रेसलेटमध्ये आत स्टर्लिंग चांदी असायला हवी आणि वर सोनं किमान अडीच मायक्रॉन, अमेरिकेत हा शब्द वापरायचा तर एवढं धरलेलं आहे. तिथे आणखी एक भेटेल, गोल्ड फिल्ड. त्यात सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला असतो आणि वजनाच्या साधारण विसाव्या भागाइतका तो असावा लागतो, त्यावर "१/२० जीएफ" असा शिक्का दिसतो. तो वर्षानुवर्षं टिकतो.

तुमच्या ठुशीचं म्हणाल तर वन ग्रॅम ही कायद्याने ठरवलेली ग्रेड नाही, बाजाराने पाडलेलं नाव आहे. आत बहुतेक पितळ किंवा तांबं. आता गणित करून बघू. सोनं जड, एक ग्रॅम म्हणजे एका घन सेंटिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. त्याचा अर्धा मायक्रॉन जाडीचा थर दिला तर तो हजार चौरस सेंटिमीटर पसरतो, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदाची दीड पानं भरून उरेल. ठुशीला एवढं लागतच नाही! एक ग्रॅममध्ये अशा कितीतरी ठुशा होतील. म्हणजे फसवणूकच म्हणायची असं नाही, पाच-सातशे रुपयांत एक ग्रॅम सोनं येत नाही हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, आपण सगळेच समजून घेतो. फक्त परफ्युम, सेंट अंगावर मारून झाल्यावर घाला, घाम पुसून कापसात ठेवा आणि टूथपेस्टने चुकूनही घासू नका, पेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि अर्धा मायक्रॉन जायला एक दिवाळी पुरते.

खरं सोनं घेताना मात्र हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून ताडून घ्या. प्लेटेडवर तो मिळत नाही.

प्रश्न : वडिलांना गोळी गिळता येत नाही म्हणून आम्ही सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देतो. एका स्ट्रिपवर "एंटेरिक कोटेड" आणि दुसरीवर "एसआर" लिहिलंय. वरचं साखरेचं कोटिंग गेलं तर काय बिघडतं? (एक वाचक, सोलापूर)

बिघडतं, आणि हे उत्तर वाचून आजच डॉक्टरांना फोन करा. सगळ्या गोळ्यांवरचा थर साखरेचा नसतो. शुगर कोटेड आणि फिल्म कोटेडमध्ये तो बहुतेक वेळा कडूपणा झाकायला आणि गिळायला सोपं जावं म्हणून असतो. एंटेरिकचं काम वेगळं. तो थर जठरातल्या ॲसिडमध्ये विरघळत नाही, पुढे आतड्यात ॲसिड कमी झालं की तिथे विरघळतो. पित्तावरची पँटोप्राझोल घ्या, ती ॲसिडमध्ये सापडली तर नासते, म्हणजे कुटून दिली तर औषध दिल्याचं समाधान तेवढं. रक्त पातळ ठेवायला देतात त्या छोट्या ॲस्पिरिनचं कारण उलटं, तिथे जठराला गोळीपासून वाचवायचं असतं. स्ट्रिपवर याच अर्थाने "गॅस्ट्रो-रेझिस्टंट" असंही छापतात.

एसआर, ईआर, एक्सआर किंवा "प्रोलाँग्ड रिलीज" हे तर आणखी महत्त्वाचं. त्यात अख्ख्या दिवसाचं औषध हळूहळू सुटेल असं बांधलेलं असतं. कुटलं की सगळं एकदम अंगात जातं आणि संध्याकाळपर्यंत काही शिल्लक राहत नाही. शुगरची, बीपीची गोळी असेल तर हे धोक्याचं आहे. तुमच्या मनाने गोळी बंदही करू नका, डॉक्टरांना एवढंच सांगा की गिळता येत नाही. बऱ्याच औषधांना सिरप, विरघळणारी गोळी किंवा दुसरा पर्याय असतो. मेडिकलवाल्यालाही "ही तोडली तर चालेल का" असं प्रत्येक गोळीचं वेगळं विचारा. गोळीवर मधोमध रेघ असली म्हणजे कुटायला परवानगी असं नाही, ती रेघ निम्मी करण्यापुरती, आणि तेही विचारूनच.

प्रश्न : ऑनलाइन "टिन कोटेड ब्रास" पातेलं बघितलं, किंमत बघून घेरी आली. हे आपलं कल्हईचं पितळ्याचं पातेलंच ना? आमच्या गावात कल्हईवाला आता वर्षातून एकदा येतो, त्याच्याकडून माळ्यावरची भांडी करून घेऊ का? (एक आजी, वाई)

तेच हो आजी, तेच! नाव बदललं की भाव वाढतो. टिन म्हणजे कथील आणि कल्हई म्हणजे कथलाचाच हात. तुम्हाला मी काय सांगणार, पण आमच्या तरुण वाचकांसाठी लिहिते. भांडं घासूनपुसून भट्टीवर फिरवत तापवायचं, मुलगा भाता मारतोय, मग आत नवसागराची चिमूट. भस्सकन पांढरा धूर निघतो, नाकात झणका जातो, आणि त्या धुराने धातूवरचा काळपटपणा निघून जातो. लगेच कथलाची कांडी टेकवायची, ती तुपासारखी विरघळते, कापसाच्या बोळ्याने सर्रकन आतून फिरवायची, की पिवळं पातेलं एका दमात रुपेरी होतं. हात थांबला की तिथे डाग राहतो. मग चर्र करून पाण्यात. आंबट वरण, ताक, कढी पितळ्यात कळकू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

भांडी जरूर करून घ्या, पण कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे ना ते विचारा. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं, चमकतंही छान, आणि शिसं पोटात गेलेलं अजिबात चांगलं नाही, विशेषतः लहान मुलांच्या. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून बारीक करकर आवाज येतो, शिसं मिसळलं की तो आवाज मंदावतो. ही काही लॅबची टेस्ट नव्हे, पण आवाजच आला नाही तर शंका घ्यायला हरकत नाही.

कथील २३२ डिग्रीलाच वितळतं, म्हणून कल्हईच्या पातेल्यात रवा भाजणं, मोठ्या आचेवर फोडणी करणं, रिकामं तापत ठेवणं नको. तळाला कल्हईचे मणी जमलेले दिसले की समजायचं सूनबाई फोडणी विसरून राहिली होती. पाणी, डाळ, भात, दूध असेल तोवर ते एवढं तापतच नाही. घासताना राख किंवा मऊ घासणी, तारेची नको. आणि आतून पिवळं दिसायला लागलं की आंबट बंद.

प्रश्न : आमच्याकडे जुना एनॅमलचा मग आहे, घराला एनॅमल पेंट दिलाय आणि मोटार रिवाइंडिंगवाला एनॅमल्ड वायर म्हणतो. तिन्ही एकच का? (एक वाचक, इचलकरंजी)

एक नव्हे, तिन्ही तऱ्हा वेगळ्या. मगावर काच असते, खरीखुरी, काचेची पूड लोखंडावर पसरून साधारण ८०० डिग्रीला वितळवून चिकटवलेली. म्हणून पडला की टवका उडतो आणि तिथे गंज धरतो. काठावर किंवा आत टवका उडालेल्या मगातून चहा नको, काचेचा कण जाऊ शकतो, त्यात कोथिंबीर लावा. पेंट म्हणजे फक्त गुळगुळीत चमकदार ऑइल पेंट, त्यात काच नाही. वायरवरचं तर नुसतं वॉर्निश. तांब्याची तार तांब्यासारखीच दिसते, पण वर पारदर्शक थर असतो आणि तो खरवडल्याशिवाय जोड लागत नाही, रिवाइंडिंगवाला टोक घासून घेतो ते याच्यासाठी.

प्रश्न : नीम कोटेड युरियाची गोणी आणली. दाणे हातात चोळले, तरी निंबोळीचं टरफल, साल असलं काही दिसत नाही. मग कोटेड कशाला म्हणायचं? (एक शेतकरी वाचक, राहुरी)

दादा, दिसायचंच नाही ते. नियमात कडुनिंबाचं तेल किमान ०.०३५ टक्के लागतं. ४५ किलोच्या गोणीत म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास, एवढंसं तेल सगळ्या दाण्यांवर. ती काही भिंत नाही. जमिनीत युरियाचा अमोनिया होतो आणि मग काही जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जातं. कडुनिंबातली द्रव्यं त्या जिवाणूंचा वेग कमी करतात, म्हणून नत्र पिकाला जास्त दिवस मिळतं. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया असा करणं सक्तीचं झालं, त्यात दुसराही हेतू होता की अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये. नत्र आधीइतकंच, ४६ टक्के.

सल्फर कोटेड, म्हणजे २०२३ मध्ये आलेला युरिया गोल्ड, तिथे मात्र दाण्यावर गंधकाचं खरोखरचं कवच असतं, त्यातून नत्र सावकाश बाहेर येतं. त्यात नत्र ३७ टक्के आणि गंधक १७ टक्के. हिशोब करताना गोणीला गोणी धरू नका, नत्र कमी पडेल.

जाता जाता, लाल-गुलाबी रंगाचं "ट्रीटेड" बियाणं उरलं तर कोंबड्यांना टाकू नका, दळायलाही नको. तो रंग औषध लावलंय हे कळावं म्हणूनच असतो.

प्रश्न : बाथरूमचे नळ "सीपी" आहेत असं प्लंबर म्हणाला. पांढरे डाग ॲसिडने घासले तर पिवळट झाले. (एक वाचक, जालना)

सीपी म्हणजे क्रोमियम प्लेटेड. वरचं क्रोम पाव-अर्धा मायक्रॉन, खाली निकेल आणि त्याखाली पितळ. फरशीचं ॲसिड लावलंत की क्रोम गेलं, दिसतंय ते पिवळट निकेल. आता पॉलिशने परत येणार नाही. बाकीच्या नळांना पाण्यात कालवलेलं व्हिनेगर फडक्याने पाच मिनिटं लावा आणि धुऊन टाका. बोअरच्या पाण्याला रोज कोरडं पुसणं हाच इलाज, कंटाळवाणा आहे खरा.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. मुलांच्या चॉकलेट गोळ्यांवर हिरवा ठिपका आहे आणि खाली बारीक अक्षरात "ग्लेझिंग एजंट ९०४". हे कशाचं असतं? सफरचंदावरचं मेणही तेच का? आणि मिठाईवरच्या वर्खाचं काय? (एक वाचक भगिनी, सांगली)

९०४ म्हणजे शेलॅक, आपली लाख. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जो राळेसारखा स्राव सोडतात तो खरवडून, शुद्ध करून त्याचा चकचकीत थर गोळ्यांवर देतात. फांद्या खरवडताना किडेही त्यात येतात. मग हिरवा ठिपका कसा? तर आपल्या लेबलच्या नियमात मांसाहारी कशाला म्हणायचं त्या व्याख्येतून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक हे वगळलेले आहेत. म्हणजे कंपनीचं कायद्याने चुकलेलं नाही, तुमच्या घरच्या नियमात बसतं की नाही ते मात्र ठिपका सांगणार नाही, आकडा सांगेल. ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण, ९०३ म्हणजे कार्नोबा, ते ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण, पूर्ण वनस्पतीचं. फक्त ९०३ लिहिलेल्या गोळ्या शोधल्या की सापडतात.

सफरचंदाला स्वतःचं मेण असतंच, झाडावरच. धुताना ते जातं म्हणून वरून पातळ थर देतात, तो यांपैकी कशाचाही असू शकतो. फळावर मेण लावलं असेल तर "कोटेड विथ वॅक्स" लिहून मेणाचं नाव द्यायचा नियम आहे, पण तुमच्या आठवडी बाजारातल्या ढिगावर तो कुठे शोधणार? कोमट पाण्यात धुऊन फडक्याने चोळा, नाहीतर सरळ साल काढा. मिठाईवरच्या वर्खाचं विचारलंत म्हणून, तो बनवताना जनावराचं कातडं किंवा आतडं वापरायला २०१६ च्या नियमाने बंदी घातली होती, पण सुटी मिठाई घेताना वर्ख कुठला ते दुकानदारालाच विचारावं लागतं.